दाबलेली हवा आणि आपल्या मुलींचा रोबोट

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज हप्ते, वही आणि बँकेचं काम थोडं बाजूला ठेवू. आज हवेबद्दल बोलायचं आहे. सायकलच्या ट्यूबमध्ये पंपाने भरतो ना, तशी दाबून कोंडलेली हवा. शाळेतली मुलं रोबोट बनवतात, त्या रोबोटचा हात उघडायला-मिटायला, एखादी वस्तू उचलायला किंवा ढकलायला अशी हवा वापरतात. या सगळ्या यंत्रणेला न्यूमॅटिक्स म्हणतात. नाव जड आहे, पण तिच्यातली एकेक वस्तू पाहिली तर तिची बहीण आपल्या स्वयंपाकघरात, शेतात नाहीतर पंक्चरच्या दुकानात सापडते.

हा विषय आमच्या गटांच्या बैठकीत मुलींमुळे आला. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने शाळांसाठी अटल टिंकरिंग लॅबची योजना आणली. सहावी ते बारावीच्या मुलांनी तिथे स्वतःच्या हाताने वस्तू बनवून पाहाव्यात, हा तिचा हेतू. आज देशभरात अशा हजारो लॅब आहेत आणि त्यातल्या बऱ्याच सरकारी शाळांत आहेत. लॅब आली की स्पर्धा येतात आणि स्पर्धा आली की घरी संमतीपत्र येतं. त्यात 'कॉम्प्रेस्ड एअर' असे दोन शब्द दिसले की घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर कोणी न वाचताच सही करतं. नाहीतर "कशाला ती भानगड, उद्या काही फुटलं म्हणजे?" असं म्हणून कागद परत जातो. मुलाच्या बाबतीत पहिली गोष्ट होते, मुलीच्या बाबतीत दुसरी. हे आम्ही गावोगाव पाहतो.

आमचं म्हणणं असं, की सही समजून करावी. भीती खोटी नाही. दाबलेली हवा खरोखर इजा करू शकते. पण ज्या गोष्टी समजल्या की ती इजा टळते, त्या अवघड नाहीत. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत त्या सगळ्या सांगून होतील.

हवा म्हणजे रिकामी जागा नव्हे

आधी एक प्रयोग. मेडिकलच्या दुकानातून २० मिलिलिटरची नवी सिरिंज आणा, सुई नको. वापरलेली सिरिंज मात्र कधीच घेऊ नका. दट्ट्या शेवटपर्यंत मागे ओढा, पुढचं तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि आता दट्ट्या आत दाबा. सुरुवातीला तो सहज जातो, मग जड होत जातो. १० च्या खुणेपर्यंत आणायला चांगला जोर लागतो. अंगठा सोडला की दट्ट्या स्वतःच मागे उडी मारतो.

आत काय झालं? २० मिलिलिटर जागेतली हवा १० मध्ये कोंबली गेली. जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो. रॉबर्ट बॉइल नावाच्या शास्त्रज्ञाने हा नियम १६६२ साली मांडला आणि शाळेच्या पुस्तकात तो त्याच्याच नावाने आहे. पण आपल्याला महत्त्वाचं आहे ते अंगठा सोडल्यावर घडलेलं. दट्ट्या मागे कोणी ढकलला? तुम्ही दाबताना जी मेहनत केली, ती हवेने साठवून ठेवली होती, ती तिने परत दिली. आपण गटात पैसे साठवतो आणि गरज पडली की काढतो, तशी ही मेहनतीची बचत आहे. पूर्ण न्यूमॅटिक्स या एका गोष्टीवर उभं आहे. फायदा यातूनच आणि धोकाही यातूनच.

आता दाब मोजायचा कसा, ते पाहू. आपल्या भोवतीची हवा प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, साधारण १ किलोचा भार देत असते. चहूबाजूंनी सारखाच असल्यामुळे तो आपल्याला जाणवत नाही. यंत्रावरचा दाबाचा काटा शून्य दाखवतो, तेव्हा आत बाहेरच्याइतकीच हवा आहे, असा त्याचा अर्थ. त्याच्यापेक्षा जास्त किती कोंबली, ते काटा सांगतो. काट्यावर बहुधा दोन मापं असतात. एक बार, म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटीमीटरला १ किलो. दुसरं पीएसआय. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. पंपावर मोटारसायकलच्या चाकात तीसच्या आसपास हवा भरतात, ती पीएसआयमध्ये, म्हणजे जेमतेम २ बार. आपला कुकर शिटी देतो तेव्हा आत साधारण १ बार दाब असतो. आणि रोबोटच्या टाकीत? ५, ६, कधी त्याहूनही जास्त. कुकरच्या पाच-सहा पट. हे आकडे लक्षात असू द्या.

सहा वस्तू, ओळखीच्या

घरातल्या मोठ्या बायकांना पंपाचा स्टोव्ह आठवत असेल. टाकीत रॉकेल, बाजूला छोटा पंप. पंप मारला की टाकीत हवा कोंडायची, ती रॉकेल वर ढकलायची आणि निळी ज्योत लागायची. स्टोव्ह बंद करताना चावी सैल केली की हवा फुस्स करून निघून जायची. ज्या आजींनी वर्षानुवर्षं तो स्टोव्ह पेटवला, त्यांना न्यूमॅटिक्सचा अर्धा भाग पाठच आहे. आता रोबोटकडे येऊ.

पहिली वस्तू कॉम्प्रेसर. हा हवा कोंबणारा पंप. काही शाळांत विजेवर चालणारा असतो, काही स्पर्धांत सायकलच्या पंपानेच टाकी भरतात. पंप मारताना तो गरम होतो, कारण हवा दाबली की तापते.

दुसरी, टाकी. कोंबलेली हवा इथे साठते. कॉम्प्रेसर आणि टाकी यांच्यामध्ये एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो, सायकलच्या ट्यूबला असतो तसा. हवा आत जाते, परत येत नाही.

तिसरी, सेफ्टी व्हॉल्व्ह. कुकरची शिटी हेच काम करते. ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की तो आपोआप उघडतो आणि जास्तीची हवा सोडून देतो. कॉम्प्रेसर बंद करायला कोणी विसरलं, तरी टाकी वाचते.

चौथी, रेग्युलेटर. आपल्या गॅसच्या टाकीवर बसवतो ना, त्याचाच हा भाऊ. टाकीत दाब जास्त असतो, शेगडीला कमी लागतो. मधे रेग्युलेटर बसून तो उतरवतो. रोबोटमध्ये टाकीत ६ बार असला तरी कामाला ३ किंवा ४ पुरतो. म्हणून रेग्युलेटरच्या आधी एक काटा आणि नंतर दुसरा काटा, असे दोन काटे असायला हवेत. एक साठवणीचा, एक खर्चाचा. आपल्या वहीत दोन रकाने असतात तसे.

पाचवी, व्हॉल्व्ह. हा नळ समजा. हवा कुठे सोडायची ते हा ठरवतो. रोबोटवरचा व्हॉल्व्ह विजेने उघडतो, त्याला सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणतात. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज गेली की ते लोहचुंबकासारखं वागतं आणि आतली दांडी खेचून घेतं.

सहावी, सिलिंडर. इथे थोडा गोंधळ होतो. हा सिलिंडर म्हणजे गॅसची टाकी नव्हे. ही धातूची नळी, आत दट्ट्या आणि दट्ट्याला लावलेला दांडा. मघाची सिरिंजच, फक्त उलट वापरलेली. सिरिंजमध्ये आपण दट्ट्या ढकलतो आणि हवा दबते. इथे दाबलेली हवा दट्ट्या ढकलते आणि दांडा बाहेर येतो. दांड्याला जे जोडाल ते हलतं. पंजा, फाटक, उचलणारा हात.

या सहा वस्तू निळ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांनी जोडलेल्या असतात. झालं. मुलगी रोबोट दाखवायला घेऊन आली तर तिला म्हणा, "बोट ठेवून दाखव, हवा कुठून निघाली आणि कुठे पोचली." पंपापासून दांड्यापर्यंत तिचं बोट न अडखळता फिरलं, तर तिला विषय कळला आहे.

फुस्स आवाज कुठून येतो?

या सिलिंडरला दोन तोंडं असतात, एक मागे, एक पुढे. मागच्या तोंडातून हवा दिली की दांडा बाहेर येतो, पुढच्या तोंडातून दिली की आत जातो. पण एका बाजूने हवा आत शिरताना दुसऱ्या बाजूची हवा बाहेर पडली पाहिजे, नाहीतर दट्ट्या हलायचा नाही. गर्दीची एसटी आठवा. उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांना जागा होत नाही. व्हॉल्व्ह एकाच वेळी दोन्ही कामं करतो. एका बाजूला टाकीची वाट उघडतो, दुसऱ्या बाजूला बाहेरची. ती बाहेर पडणारी हवा म्हणजे तो फुस्स आवाज.

दांडा फार जोरात आपटत असेल तर त्या बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर छोटा स्क्रू असलेला जोड बसवतात. वाट अरुंद केली की दट्ट्या सावकाश सरकतो. जोर तोच राहतो, वेग कमी होतो. जोर कमी करायचा असेल तर रेग्युलेटर फिरवायचा, वेग कमी करायचा असेल तर हा स्क्रू. या दोन गोष्टी मुलांच्या डोक्यात सतत मिसळतात, म्हणून वेगळ्या सांगितल्या.

भाकरीचं गणित

आता जोर किती, ते काढू. गणित एकाच ओळीचं आहे. दाबाला दट्ट्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणायचं.

समजा सिलिंडरचा आतला व्यास २० मिलिमीटर, म्हणजे २ सेंटीमीटर. त्याच्या गोल तोंडाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटीमीटर. दाब ६ बार, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ६ किलो. ६ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे १९ किलो. बोटाएवढ्या जाडीची ही नळी १९ किलोच्या जोराने ढकलते! घर्षणात थोडं जातं, तरी पंधराच्या वरच राहतं. आतमध्ये येताना जोर जरा कमी असतो, कारण त्या बाजूला दांडा थोडी जागा अडवतो. दांडा ८ मिलिमीटरचा असेल तर १६ किलोच्या आसपास भरतो.

आता व्यास निम्मा, १० मिलिमीटर केला तर जोर किती? बऱ्याच जणी म्हणतील साडेनऊ किलो. नाही, पावणेपाच. चौथा हिस्सा. हे भाकरीसारखं आहे. एक वीत रुंद भाकरीला जेवढं पीठ लागतं, त्याच्या दुप्पट रुंद भाकरीला तेवढ्याच जाडीत चौपट पीठ लागतं. रुंदी दुप्पट, पीठ चौपट. व्यास दुप्पट, जोर चौपट.

हे गणित कशाला हवं? दोन कारणांसाठी. एक म्हणजे, रोबोटने टोमॅटो उचलायचा असेल तर १९ किलोने त्याची चटणी होईल. तिथे रेग्युलेटर १ बारवर आणायचा, म्हणजे जोर ३ किलोवर येतो. दुसरं म्हणजे, त्या दांड्याच्या वाटेत मुलीचं बोट आलं तर काय होईल, हे आकड्यावरून कळतं.

हवेची काटकसर

टाकीतली हवा संपते. किती वेळात, ते बचत गटाच्या बाईला पटकन समजेल.

१ लिटरची टाकी घ्या, ६ बारने भरलेली. काम ४ बारवर होतं. म्हणजे टाकी ६ वरून ४ वर येईपर्यंत वापरायला मिळते ती २ लिटर मोकळी हवा. मघाचाच २० मिलिमीटरचा सिलिंडर, दांडा १० सेंटीमीटर बाहेर येणारा. तो एकदा जाऊन येतो तेव्हा सुमारे ३०० मिलिलिटर मोकळी हवा खातो. २ लिटर भागिले ३०० मिलिलिटर, म्हणजे सहा-सात फेऱ्या. त्यानंतर जोर ओसरायला लागतो.

आता कामाचा दाब ४ वरून ३ वर आणला तर? फेरीला हवा कमी लागते, सुमारे २३० मिलिलिटर. आणि टाकी ६ वरून ३ पर्यंत वापरता येते, म्हणजे ३ लिटर मिळतात. फेऱ्या होतात तेरा. जवळजवळ दुप्पट! जोर मात्र साडेबारा किलोवरून साडेनऊ किलोवर येतो. काम साडेनऊत भागत असेल तर साडेबारा कशाला खर्चायचे? स्पर्धेत निकाल पुष्कळदा इथे ठरतो. सगळ्यात जास्त दाब लावणाऱ्या संघाची हवा अर्ध्या खेळात संपून जाते.

हवा गळूनही जाते. टाकी भरून ठेवली आणि दहा मिनिटांत काटा खाली आला, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. गॅसची टाकी बदलल्यावर जोडाला साबणाचं पाणी लावतो, बुडबुडे आले की गळती. इथेही तेच. फक्त विजेच्या भागांवर पाणी उडू द्यायचं नाही. बहुतेक वेळा नळीचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि ते जोडात नीट बसलेलं नसतं. सरळ कापून पुन्हा बसवलं की काम होतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. दमट हवा दाबून थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि टाकीच्या तळाशी साचतं. म्हणून कॉम्प्रेसरच्या टाकीला खाली एक तोटी असते. काम संपल्यावर दाब उतरवून ती उघडायची, पाणी काढून टाकायचं. नाहीतर लोखंडी टाकी आतून गंजते आणि गंजलेली टाकी वरून चांगलीच दिसते.

मोटर की हवा?

मुलींनी विचारलं होतं, की मोटर असताना हवा कशाला? दोन्हींची कामं वेगळी आहेत. दांडा बाहेर किंवा आत, पंजा उघडा किंवा मिटलेला, अशी दोनच टोकं हवी असतील तर हवा चांगली. झटकन हलते आणि वस्तू धरून ठेवायची असेल तर कितीही वेळ धरते. मोटर अडवून धरली तर तापते, जळते. पण पंजा नेमका अर्ध्यावर थांबवायचा असेल, चाकं फिरवायची असतील, तर मोटरच हवी. हवा स्प्रिंगसारखी दबते, म्हणून तिला मधेच नेमकं थांबवणं अवघड असतं.

मग पाणी किंवा तेल का नको? मघाची सिरिंज पाण्याने भरून दाबून बघा. दट्ट्या हलतच नाही. पाणी दबत नाही, म्हणून ते नेमकं काम करतं. जेसीबीचा हात अशाच तेलाच्या दाबावर चालतो. पण पाणी मेहनत साठवत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विचार करायला लावणारी आणखी एक गोष्ट रेल्वेत आहे. आपल्याला वाटतं, हवा सोडली की ब्रेक सुटत असेल. रेल्वेत उलटं आहे. सगळ्या डब्यांखालून एक नळी जाते, तिच्यात साधारण ५ किलो दाबाची हवा असते. ही हवा आहे तोवर ब्रेक सुटलेले असतात. साखळी ओढली, नळी तुटली किंवा डबा सुटला, की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तर गाडी थांबते, पळत सुटत नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी एकोणिसाव्या शतकात ही युक्ती शोधली. रोबोट बनवणाऱ्या प्रत्येक मुलीने स्वतःला हाच प्रश्न विचारायला हवा. वीज गेली किंवा नळी निघाली, तर माझा हात कुठे जाईल? वर धरलेली जड वस्तू कोणाच्या पायावर तर पडणार नाही?

धोका नेमका कुठे आहे

आता मघाच्या फरकाकडे येऊ. पाण्याने भरलेली टाकी तडकली तर थोडं पाणी सांडतं आणि दाब लगेच उतरतो. हवेने भरलेली टाकी तडकली तर साठवलेली सगळी मेहनत एका क्षणात बाहेर येते आणि टाकीचे तुकडे घेऊन येते. म्हणूनच दाबाच्या टाक्या तपासताना त्या हवेऐवजी पाणी भरून तपासतात.

यावरून पहिला नियम. टाकी ही हवेच्या दाबासाठीच बनवलेली असावी, तिच्यावर किती दाब चालतो तो आकडा छापलेला असावा. मोबाइलवर व्हिडिओ बघून मुलं पाण्याच्या पीव्हीसी पाइपची टाकी बनवतात. पाइपवर दाबाचा आकडा असतो, पण तो पाण्यासाठी असतो. पीव्हीसी फुटताना काचेसारखं धारदार तुकड्यांत फुटतं. कोल्ड्रिंकची बाटली, जुनी गॅसची टाकी, रंगाचा डबा, यातलं काहीही चालत नाही. खर्च वाचवायला जुगाड करायचा असेल तर रोबोटच्या चाकात करा, सांगाड्यात करा. टाकीत नाही.

दुसरा नियम. दाबलेली हवा माणसाच्या अंगावर सोडायची नाही. कपड्यावरची धूळ झटकायलाही नाही. डोळ्यात कण जातो, कानाचा पडदा फाटू शकतो. कारखान्यात थट्टेत सहकाऱ्याच्या अंगात हवा सोडली आणि जीव गेला, अशा बातम्या आपल्या देशातल्या वर्तमानपत्रांत आल्या आहेत. हे वाक्य कडू आहे, पण घरातल्या मुलग्यांनाही बसवून सांगा.

तिसरा नियम. काहीही सोडण्या-जोडण्याआधी टाकी रिकामी करायची आणि दोन्ही काटे शून्यावर आल्याचं डोळ्याने पाहायचं. वीज बंद केली म्हणजे यंत्र बंद झालं, ही समजूत इथे चालत नाही. प्लग काढला तरी टाकीत हवा असतेच. दाब असताना नळी उपटली तर ती सापासारखी फटके मारते. म्हणून स्टोव्हला होती तशी, हाताने उघडून सगळी हवा सोडून देणारी चावी यंत्रणेत पाहिजेच आणि ती पटकन हाताला लागेल अशा जागी पाहिजे.

मोठ्या स्पर्धांचे नियमही हेच सांगतात. अमेरिकेतून चालणाऱ्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये साठवणीचा दाब १२० पीएसआयच्या वर आणि कामाचा ६० पीएसआयच्या वर जाऊ देत नाहीत. आशिया-पॅसिफिक देशांतल्या कॉलेजांची एबीयू रोबोकॉन २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली आणि २०१४ मध्ये आपल्या पुण्यात भरली होती. तिच्या नियमांत ६ बारची मर्यादा असते. काही शालेय स्पर्धांत हवा वापरायला परवानगीच नसते. म्हणून खरेदीच्या आधी नियमपुस्तिका वाचायला सांगा.

सही करण्यापूर्वी शाळेत जा आणि सरांना किंवा मॅडमना शांतपणे एवढं विचारा.

टाकी विकतची आहे ना, आणि तिच्यावर दाबाचा आकडा छापलेला आहे ना?
सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दोन काटे आहेत का?
सगळी हवा सोडायची चावी कुठे आहे, ती मुलीला उघडता येते का?
सगळ्यांना पुरतील एवढे डोळ्यांचे चष्मे आहेत का?
टाकी भरताना मोठं माणूस हजर असतं का?

पाचही उत्तरं "हो" असतील तर सही करा. एखादं "नाही" असेल तर सांगा, हे आधी करून घ्या, मग सही देते. चांगल्या शिक्षकाला अशा आईचा राग येत नाही. मुलीला घरून सांगायचं ते एवढंच, केस बांध, ओढणी खोचून किंवा काढून ठेव, बांगड्या उतरव आणि दांड्याच्या वाटेत हात घालू नकोस.

आणि सहावा प्रश्न

आणखी एक प्रश्न आहे, तो सुरक्षेचा नाही. संघात माझी मुलगी नेमकं काय करते? पुष्कळ ठिकाणी असं दिसतं, की मुलींकडे चार्ट रंगवणं, माहिती पाठ करून परीक्षकांना सांगणं आणि शेवटी झाडून घेणं येतं. पाना, व्हॉल्व्ह आणि टाकी मुलांच्या हातात राहते. माहिती सांगणं हे काम हलकं नाही, पण जिने सिलिंडर कधी जोडलाच नाही, ती त्याबद्दल किती बोलणार? म्हणून विचारा, व्हॉल्व्ह तिने स्वतः जोडला का? गळती तिने शोधली का?

हे कशासाठी, तर चाकण असो, सातपूर असो की वाळूज, कारखान्यांत हवेवर चालणारी यंत्रं जागोजाग आहेत. ती चालू ठेवणाऱ्या माणसांना काम मिळतं. आयटीआय किंवा डिप्लोमाला जाणाऱ्या मुलीला हे आधीच माहीत असेल तर ती पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसणार नाही. आणि लांब कशाला जायचं? मसाला नाहीतर पापड करणाऱ्या गटांकडे आता पाकिटं भरून सील करणारी मशिनं येत आहेत, त्यातली बरीच दाबलेल्या हवेवर चालतात. ती बंद पडली की मेकॅनिकची वाट पाहत दोन-दोन दिवस माल पडून राहतो. काटा बघणं, साबणाच्या पाण्याने गळती शोधणं, तळाचं पाणी काढणं, एवढं गटातल्या एकीला आलं तरी त्यातले बरेच तास वाचतील. ती एक जण आज आठवीत शिकणारी तुमची मुलगीही असू शकते.

पुढच्या बैठकीला दोन नव्या सिरिंज आणि हातभर बारीक नळी आणा. खर्च अगदी थोडा. दोन्ही सिरिंज नळीने जोडा आणि एकीचा दट्ट्या दाबून दुसरीचा वर येतो का पाहा. आधी हवेने करा, मग पाणी भरून करा. मुलींना सोबत घ्या आणि काय फरक पडला ते त्यांनाच सांगू द्या. आपण ऐकू.